एकच गिअर आणि कोल्हापूरचे चढ

कोल्हापुरात सायकलच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: गिअरची दाखवू का साधी? साधी म्हटलं की दुकानदार पुढचं काही विचारत नाही. रंग पसंत करायचा, घंटी आणि स्टँड लावून घ्यायचा, हवा भरून घर गाठायचं. त्या साध्या सायकललाही पुढे चेनव्हील असतं, मागे फ्रीव्हील असतं, दोन्हींचे दाते मोजता येतात, आणि पुढची पाच-दहा वर्षं आपल्या गुडघ्यांचं काय होणार हे त्या दोन आकड्यांनी ठरवून टाकलेलं असतं. तरी दाते मोजून सायकल घेणारं गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नाही. आकडे लुधियानात नाहीतर चेन्नईत ठरतात, सपाट रस्त्यावरच्या सर्वसाधारण माणसासाठी ठरतात. केर्लीहून जोतिबाकडे वळल्यावर जो चढ लागतो तो त्या हिशेबात कुठेच नसतो.

ही पुस्तिका त्या दोन आकड्यांविषयी आहे. विषय चिमूटभर वाटेल, पण एका गिअरच्या माउंटन बाइकवर नंतर बदलता येण्याजोगी आणि खिशाला परवडणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. फ्रेम बदलता येत नाही, चाकं बदलणं महाग. फ्रीव्हील मात्र कुठल्याही पेठेतल्या सायकल मिस्त्रीकडे एका सकाळी बदलून मिळतं.

आपल्याकडे अशा सायकली दोन वाटांनी येतात. एक वाट शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींची: जाड टायर, सरळ हँडल, पुढे शॉकअॅब्जॉर्बर, २६ इंची चाकं आणि मागे-पुढे एकेकच चक्र. दिसायला डोंगरातली, चालीला मात्र बाजारातली. दुसरी वाट हौशी मंडळींची. हौसेने २१ गिअरची सायकल घ्यायची, एक-दोन पावसाळे काढायचे, तोवर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वाकतो, तारा गंजतात, चेन एका चक्रावर जी जाऊन बसते ती तिथून हलत नाही. स्वस्तातली २१ गिअरची सायकल शेवटी एकाच गिअरवर येते हा कोल्हापूरच्या हवेचा नियमच आहे. फरक इतकाच की तो एक गिअर आपण निवडलेला नसतो. मग एखादा शहाणा सगळा पसारा काढून टाकतो आणि मुद्दाम एकच चक्र ठेवतो.

हवेचं म्हटलं ते उगीच नाही. पंचगंगेच्या दोन्ही काठांची काळी माती जुलैत टायरला धरली की सुटत नाही. उसाच्या फडांमधल्या पाणंदीत सायकल घातली तर शंभर पावलांत मडगार्ड भरतं, ब्रेकच्या ठोकळ्यांमागे चिखलाचा थर चढतो आणि डिरेलरच्या दोन छोट्या चाकांचा पत्ता लागत नाही. एका गिअरच्या सायकलला तिथे अडकण्यासारखं फारसं काही नाही. काडीने चिखल काढला, बाटलीतलं पाणी मारलं, की चालू. पण ही सोय फुकटची नाही. गिअर बदलून जो चढ सोपा करता आला असता तो आता पायांनीच सोपा करायचा, आणि म्हणून दाते नीट मोजून घ्यायचे.

डोंगरातल्या सायकलिंगचा आरंभही असाच एका गिअरवर झाला. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत ‘रिपॅक’ नावाची डोंगर उतरण्याची शर्यत सुरू झाली, तेव्हाच्या सायकली जुन्यापान्या, जाड टायरच्या आणि बऱ्याचशा एका गिअरच्या होत्या. पायडल उलटं दाबलं की मागच्या हबमधला ब्रेक लागायचा. उतार संपेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव तसं. त्या मंडळींचं एका गिअरवर भागलं कारण सगळा खेळ उताराचा होता. वर जाताना ते सायकली ढकलत नेत, नाहीतर ट्रकात घालत. आपल्याला पन्हाळ्याला सायकल ट्रकात घालून न्यायची नाही, त्यामुळे आपला प्रश्न त्यांच्यापेक्षा अवघड.

चेन येण्याआधी असला प्रश्नच नव्हता. पुढे अवाढव्य चाक, मागे चिमुकलं, आणि पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठं घ्या. पण चाक किती मोठं, हे स्वाराच्या पायाची लांबी ठरवणार. ६० इंचांच्या पुढे फारसं कुणाला जमत नसे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल काढली, चेनने मागचं चाक फिरवलं, आणि छोट्या चाकाला दात्यांच्या जोरावर मोठ्या चाकाची चाल मिळाली. त्यानंतर तिसऱ्याच वर्षी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान थाटलं. लोखंडी नांगर, कडबाकुट्टीची यंत्रं, किर्लोस्करवाडी हे सगळं पुढचं. या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात सायकलीपासून झाली, आणि तीही कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

त्या उंच सायकलीची एक खूण हिशेबात अजून राहिली आहे. गिअर मोजायची रूढ पद्धत इंचांची: पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. पुढे ३२, मागे १६ आणि चाक २६ इंची असेल तर उत्तर ५२. म्हणजे आपण ५२ इंची चाकाच्या त्या जुन्या सायकलवर बसल्यात जमा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ४.१५ मीटर पुढे जाते. आकडा जितका मोठा तितका सपाटीवर वेग आणि चढाला त्रास. या पुस्तिकेत पुढे सगळीकडे हीच मोजणी वापरली आहे, कारण दात्यांचं नुसतं प्रमाण सांगितलं तर चाकाचा आकार विसरला जातो. ३२ ला १६ हेच प्रमाण २९ इंची चाकाला लावलं तर ५८ इंच होतात. सपाटीवर एवढ्याने काही बिघडत नाही, पण पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाच्या पुढे ते पायांना लगेच कळतं.

आता आपल्या ओळखीच्या सायकली या मापात घालून पाहू. दूधवाल्याची आणि पोस्टमनची काळी सायकल २८ इंची चाकाची. ४४ ला १८ असेल तर तिचा गिअर ६८ इंच, ४८ ला १८ असेल तर पंचाहत्तरीला टेकलेला. सपाट रस्त्यावर हा गिअर झकास. मिनिटाला ६० फेरे, ना घाई ना दम, आणि ६८ इंचांवर ताशी जवळजवळ २० किलोमीटर. कसबा बावड्याहून शहरात यायला याहून चांगलं काय असणार? पण दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन लटकवून टेकाडावरच्या वस्तीतून येणाऱ्याला ते झेपत नाही. तो मिस्त्रीला सांगून २० नाहीतर २२ दाती फ्रीव्हील बसवून घेतो. ओझं वाहणाऱ्या माणसाला गिअरचा हिशेब कुणी शिकवावा लागलेला नाही. हौशी माणसालाच शिकवावा लागतो.

दुकानातल्या २६ इंची ‘डोंगरी’ सायकलींपैकी अनेकींना पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. म्हणजे गिअर जवळपास ६४ इंच. टायर डोंगराचे आणि गिअर दूधवाल्याच्या सायकलीच्या जवळचा, असं हे लग्न.

याचा पायावर किती भार येतो हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुन्हा विसरायला होत नाही. माणूस, सायकल, पाणी सगळं मिळून ८५ किलो धरू, क्रँक १७० मिलिमीटरची. चढ ७ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर गेल्यावर ७ मीटर उंची. ६४ इंचांच्या गिअरवर पायडलवर सरासरी ३२ किलोचा जोर सतत लागतो. ५२ इंचांवर तो सत्तावीसच्या आत येतो, ४६ इंचांवर २३. आता चढ १० टक्के करू. ६४ इंचांवर ४४ किलो. हा आकडा मुद्दाम ध्यानात ठेवावा, कारण ७० किलोचा माणूस उभा राहून आपलं सगळं वजन आळीपाळीने खालच्या पायडलवर टाकतो तेव्हा पूर्ण फेऱ्याची सरासरी पडते ४५ किलोच्या आसपास. म्हणजे त्या गिअरवर १० टक्क्यांच्या चढाला आपलं वजन तेवढंच पुरतं, वर काही उरत नाही. चढ जरा तिखट झाला की हँडल ओढून जोर काढावा लागतो, पुढचं चाक वळवळतं, आणि मग माणूस उतरतो. तो उतरला यात त्याच्या दमाचा दोष नसतो, त्याच्याकडे तेवढं वजनच नव्हतं. ५२ इंचांवर त्याच चढाला ३६ किलो लागतात; आठ-नऊ किलो हाताशी राहतात आणि त्यावर वळण पार होतं.

कोल्हापुरात हे सांगणं जरा जड जातं. तालमीच्या गावात हलका गिअर लावणं कमीपणाचं वाटतं. जड गिअर उभ्याने रेटणारा पोरगा पेठेत भाव खातो. पण मिनिटाला ३०-३५ फेऱ्यांवर पायडल रेटत राहिलं की आधी बोलतो तो गुडघा. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर दोष बहुधा जड गिअरचा, नाहीतर खाली ठेवलेल्या सीटचा. आपल्याकडची पोरं पाय टेकावेत म्हणून सीट तळाला बसवतात, आणि मग कुठलाही गिअर जडच वाटतो. त्यामुळे दाते मोजण्याआधी सीट वर घ्यावी: टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा. कित्येकांचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

जगभर एका गिअरवाल्यांमध्ये २६ इंची चाकासाठी ‘दोनास एक’ हे प्रमाण सुरुवातीचं म्हणून मान्य आहे: पुढे मागच्याच्या दुप्पट दाते. २९ इंचीला ३२-१८, म्हणजे पुन्हा साधारण ५२ इंच. चढ जास्त असतील तर ३२-२०, म्हणजे ४६. तिकडची मंडळी ३२ दाती चेनव्हील गृहीत धरतात. आपल्या देशी सायकलीत चेनव्हील उजव्या क्रँकला पक्कं बसवलेलं असतं, ते बदलायचं तर क्रँकसकट बदलावं लागतं. पण त्याची गरजच नाही. पुढे ४४ आहेत ना? मग मागे २२ लावा. झालं दोनास एक, झाले ५२ इंच. मोठ्या चक्रांवर जोर जास्त दात्यांत वाटला जातो, त्यामुळे चेन आणि दाते टिकतातही जास्त. तोटा एवढाच की ४४ दाती चेनव्हील खाली लोंबतं आणि दगडधोंड्यांत ठेचतं. मसाई पठारावर जांभ्याच्या पायऱ्या चढवणाऱ्याने याचा विचार करावा, बाकीच्यांनी करू नये.

बदल करताना एक अंदाज बरोबर असावा. १८-२० च्या घरात मागचा एक दाता कमी-जास्त केला की गिअर पाच-सहा टक्क्यांनी हलतो. पुढे ३२ असतील तर तिथला एक दाता फक्त तीन टक्क्यांनी. म्हणून ठोक बदल मागे आणि बारीक बदल पुढे. बाजारात १६, १८, २०, २२ अशी फ्रीव्हील मिळतात, आणि आपल्या कामाला ही चार पुरतात.

मग कोल्हापूरकराने नेमकं काय लावावं? माझं मत पुढच्या प्रकरणांत जागोजागी येईलच, तरी इथे स्पष्ट सांगतो: वर्षातून एकदा चढायच्या घाटासाठी गिअर निवडू नये, दर आठवड्याला चढायच्या चढासाठी निवडावा. ज्याची धाव रंकाळा, शिवाजी पूल, फार तर टेंबलाईच्या टेकडीपर्यंत, त्याने ४४-२० ठेवून सत्तावन्न इंचांवर खुशाल फिरावं. टेंबलाईचा चढ आखूड आहे, वेगात शिरलं तर उभ्याने निघतो. ज्याला रविवारी जोतिबा नाहीतर पन्हाळा गाठायचा आहे त्याचं गणित वेगळं. शहर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आणि पन्हाळा ९७७ मीटरवर. वीस किलोमीटरच्या रस्त्यात ही चारशेएक मीटरची उंची सारखी वाटलेली नाही, तिचा बहुतेक भाग शेवटी वाघबिळापुढे अंगावर येतो. तिथे ५२ इंच हवेतच, आणि वय चाळिशीपार असेल तर ४८ च्या आसपास गेलं तरी कुणी हसणार नाही. गगनबावड्याची गोष्ट फसवी आहे. कोल्हापूरहून पंचावन्नएक किलोमीटर जाताना सायकल कुरकुरत नाही, मग करूळ घाट उतरून वैभववाडीत चहा प्यायला बसलं की समजतं की आलो त्याच वाटेने वर जायचं आहे. त्यासाठी गिअर निवडला तर एरवी वर्षभर पाय हवेत फिरल्यासारखे फिरतील. घाटात थोडं उतरून चालावं. एका गिअरच्या सायकलीवर चालणं हा दुसरा गिअरच मानावा.

सपाटीवर मात्र अब्रू जाते, ही तयारी ठेवावी. ५२ इंचांवर मिनिटाला ९० फेरे मारले तरी वेग ताशी २२ किलोमीटर. इचलकरंजीच्या रस्त्याला गिअरवाले मित्र पुढे निघून जातात आणि चहाच्या टपरीवर भेटतात.

यातून पूर्वीच्या शर्यतवाल्यांनी एक युक्ती काढली होती. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला १९३७ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीचे स्वार मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दात्यांची चक्रं बसवत; चढ आला की उतरून नट सोडायचे, चाक उलटं करून बसवायचं आणि पुन्हा निघायचं. इटलीतल्या एका घाटात, १९२७ साली, थंडीने बोटं आखडल्यामुळे तुलियो कॅम्पान्योलो यांना हे नट सुटेनात, आणि त्यातून हाताने झटक्यात चाक सोडवायची त्यांची पुढची कल्पना निघाली असं सांगतात. दोन्हीकडे आटे असलेला हब मिळाला तर आपणही एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला २२ लावू शकतो. केर्लीच्या फाट्यावर उतरून चाक फिरवणारा माणूस बघायला लोक थांबतील, हा भाग वेगळा.

फ्रीव्हील बदलताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघावं. तो चाक काढतो, एक्सलचा नट सोडतो, फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा रिमूव्हर घालतो आणि तो निसटू नये म्हणून नट वरून हलका आवळतो. मग रिमूव्हर व्हाइसमध्ये पकडून सगळं चाकच ट्रकच्या स्टीअरिंगसारखं दोन्ही हातांनी डावीकडे फिरवतो. पहिला झटका कठीण, कारण आटे असे असतात की आपण मारलेल्या प्रत्येक पायडलने फ्रीव्हील हबवर आणखी घट्ट होत गेलेलं असतं. करकर असा आवाज येतो आणि ते सुटतं. लगेच नट ढिला करायचा असतो, नाहीतर सुटणारं फ्रीव्हील नटावर येऊन अडतं. नवं चढवण्याआधी आट्यांना ग्रीस हवंच. तो विसरला तर आठवण करावी. आणि सुरुवातीचे फेरे हातानेच द्यायचे, पान्याने नाही. आटे बारीक असतात, तिरके धरले की हब गेला.

१८ चं २२ केलं की चेन थोडी तोकडी पडते, साधारण एक इंच. मागच्या खाचेत चाक अर्धा इंच पुढे सरकायला जागा असेल तर निभतं, नसेल तर चेनमध्ये कडीची एक जोडी वाढवायची. चेन जुनी असेल तर याच वेळी मोजावी. २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. आठवा भाग इंच जास्त भरल्या तर नव्या फ्रीव्हीलवर ती चेन चढवणं म्हणजे फ्रीव्हील फुकट घालवणं. ताण किती ठेवावा याचंही प्रकरण पुढे आहे, कारण नव्वद टक्के भांडणं तिथे होतात. थोडक्यात, मधोमध बोटाने दाबल्यावर चेन अर्धा इंच हलावी, पण ही तपासणी एकाच जागी करून भागत नाही. चेनव्हील तंतोतंत गोल नसतं. क्रँक पूर्ण फिरवत जावं, चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे हा अर्धा इंच मोजावा. गिअर काढून एका चक्रावर आणलेल्या सायकलींची मागची खाच उभी असते, तिथे चाक मागे-पुढे होत नाही. त्यांना चेन ताणणारी छोटी चक्री लागतेच. शिवाय त्यांची चेन अरुंद असते, ती देशी फ्रीव्हीलच्या जाड दात्यांवर बसत नाही. उलट जोडी, म्हणजे जाड चेन आणि बारीक दाते, चालून जाते.

उद्यमनगर हाताशी असल्याचा एक तोटा असा की, इथे प्रत्येकाला वाटतं आपण हवं ते चक्र कातून घेऊ. तेल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत सगळं ज्या गल्ल्यांत घडलं तिथे १९ दाती चक्र कातणं अशक्य नाही. पण नुसतं कातून भागत नाही, दाते कडक करावे लागतात, आणि फ्रीव्हीलच्या आतले छर्रे व कुत्री कुणी एका नगासाठी करून देत नाही. या खटाटोपाच्या खर्चात आयतं मिळणारं २० आणि २२ दोन्ही घरात येतात.

ती दोन्ही घरात असलेली बरी, असं माझं मत आहे. ओल्या मातीत चाक रुतलं की सपाट पाणंदसुद्धा चढासारखी वागते आणि उन्हाळ्यात सहज निघणारा गिअर जुलैत जड होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाणंदी भिजायच्या आत, २२ दाती चढवून घ्यावं. दसऱ्याला पूजेसाठी सायकल धुऊन काढतातच, तेव्हा २० परत लावावं. ग्रीस दोन्ही वेळा.